सर्जेरावांचं निवांतपण

हिंगणदऱ्याचे सर्जेराव मगदूम सकाळी अंगणात येऊन पहिलं वाक्य बोलले की देवळावरची कबुतरं उठायची आणि शेजारच्या गावच्या देवळावर जाऊन बसायची. शेजारच्या गावचे लोक सांगतात, ती तिथंही टिकायची नाहीत, नदी ओलांडून पुढं जायची. ह्यात थोडं तिखटमीठ असेल, नाही असं नाही. पण सर्जेरावांनी सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते सांगितलं, आणि तेवढ्या वर्षांत समोरचा माईक एकदाही चालू केला नाही, हे मात्र खरं.

ते निवृत्त झाले तोवर गाड्या विजेवर धावायला लागल्या होत्या आणि आपल्या आपण बोलायला शिकल्या होत्या. बाईच्या मंजूळ आवाजात गाडी स्वतःच सांगायची, मी आता कवठ्याला निघालेय. सर्जेरावांना ते ऐकवलं नाही. त्यांनी आपला आवाज उचलला आणि कायमचा घरी आणला.

घर तीन माणसांचं. ते, बायको शालन आणि मुलगी राजनंदिनी, म्हणजे नंदू. नंदू जनावरांची डॉक्टर. दिवसभर म्हशींच्यात असायची आणि तिथं जिवाला जरा शांत वाटतं म्हणायची. घरी सकाळी दुधावरून, मग बातम्यांवरून, मग भिंतीपलीकडच्या भूपाल चौगुल्यांच्या शेवग्याची फांदी आपल्या अंगणात झुकली ह्यावरून, असा ओरडण्याचा फेरा ठरलेला. मायलेकींना त्याचं काही वाटायचं नाही. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्या माणसाला जसं गिरणी बंद पडली की दचकायला होतं, तसं ह्या दोघींना सर्जेराव गप्प झाले की व्हायचं. अख्ख्या संसारात ते दोनदाच गप्प झाले होते. एकदा त्यांची आई गेली तेव्हा, आणि एकदा लहानगी नंदू विहिरीत पडता पडता वाचली तेव्हा.

तिसऱ्यांदा गप्प झाले तेव्हा ते बोअरच्या मोटारीवर ओरडत होते. "ह्या मोटारीच्या," एवढं म्हणाले आणि पुढचं आलंच नाही. शालन स्वयंपाकघरातून धावत आली, ती काही ते पडले म्हणून नव्हे. ते अजून उभेच होते. वाक्य अर्धं राहिलं म्हणून धावत आली.

मिरजेच्या पलीकडं माळावर हृदय आणि मज्जातंतूंवर संशोधन करणारी एक नवी संस्था निघाली होती. तिथल्या डॉक्टर अफशान मुजावर ह्यांनी सर्जेरावांना चार यंत्रांतून काढलं आणि समोर बसवलं.

"मगदूम काका, हृदय उत्तम आहे तुमचं. रक्तवाहिन्याही उत्तम. अडचण आहे ती त्याला हुकूम देणाऱ्या नसांमध्ये. हृदयाकडं दोन प्रकारच्या नसा जातात. एक वेग वाढवते, ती एक्सिलरेटर. दुसरी मानेतून खाली उतरते, व्हेगस म्हणतात तिला, ती ब्रेक. धडधाकट माणसात दोन्हींवर थोडा थोडा पाय असतोच, प्रत्येक ठोक्याला. तुमचा ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही."

"म्हंजे डायवर बदलाय पायजे."

"ड्रायव्हर म्हणजे मेंदू, काका. तो अजून बदलता येत नाही."

"अजून न्हाई व्हय," शालन हळहळली.

"पण एक मधला माणूस आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाच्या पाठीवर, चरबीत दडलेले, मज्जापेशींचे लहान लहान पुंजके असतात. हे मेंदूचा हुकूम जसाच्या तसा पाळत नाहीत. हृदयाची खबर आधी स्वतः घेतात आणि मग आपल्या अकलेनं ठरवतात, किती पळायचं, कुठं थांबायचं. एवढंच नाही, ते शिकतात. त्यांना सवयी लागतात."

सर्जेराव खुर्चीत पुढं सरकले. "मेंदू म्हंजे मुंबईचं हेड ऑफिस, आन् हे पुंजकं म्हंजे स्टँडावरला कंट्रोलर. मुंबईला इचारून गाड्या सोडल्या असत्या तर माझी सकाळची पैली गाडी दुपारी निघाली असती, डॉक्टरीणबाई."

डॉक्टरांनी एवढं सोपं उदाहरण आजवर ऐकलं नव्हतं. पुढं परदेशातल्या एका परिषदेत त्यांनी ते वापरलं आणि तिथल्या लोकांना आधी स्टँड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

यंत्राचं नाव लगाम. सुपारीएवढं. गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवायचं, त्याची एक तार व्हेगसला गुंडाळायची, दुसरी हृदयावरच्या पुंजक्यांपाशी नेऊन सोडायची. ते बसवून झाल्यावर डॉक्टरांनी शालनच्या हातात एक डबी दिली. डबीवर ठोक्यांचा आकडा दिसायचा आणि खाली एक हिरवं बटण होतं.

"पहिले पंधरा दिवस यंत्र नुसतं ऐकेल. काका निवांत आहेत, नेहमीसारखे आहेत, घरात सगळं सुरळीत चाललंय असं वाटलं की हे बटण दाबायचं. म्हणजे यंत्राला कळेल, ह्या माणसाची शांत अवस्था ती ही. पुढं हृदय त्या अवस्थेतून ढळलं की लगाम त्याला हळूच तिथं परत आणेल. आणि पुंजक्यांनाही तीच सवय लावेल."

"मी दाबतो की माझं मीच," सर्जेराव म्हणाले.

"तुम्ही नको. आपण निवांत आहोत का ते माणसाला स्वतःला कळत नाही. बरोबर राहणाऱ्याला कळतं."

शालननं डबी कनवटीला खोचली आणि पंधरा दिवस इमानानं काम केलं. सर्जेराव दुधावर ओरडले, तिनं बटण दाबलं. बातम्यांवर ओरडले, दाबलं. चौगुल्यांची फांदी, त्यांची गवार, त्यांचे वाडवडील, एकामागून एक काढायला लागले, की ही चुलीपाशी बसून समाधानानं बटण दाबायची. घर कसं लायनीवर होतं. मधेच कधी तरी ते पलंगावर पडून छताकडं बघत गप्प राहिले, तर तिच्या छातीत धस्स व्हायचं. अशा वेळी ती बटणाला बोटसुद्धा लावायची नाही.

सोळाव्या दिवशी लगाम कामाला लागला.

संध्याकाळी सर्जेराव अंगणात कॉटवर बसले होते. वारा बरा सुटला होता, पोट भरलं होतं, चौगुले गावाला गेले होते. म्हणजे ओरडण्यासारखं काही नव्हतं. आणि त्यांच्या छातीत घोडं उधळलं. डबी किंचाळायला लागली. अंगाला घाम, डोळ्यांपुढं अंधारी. शालन पाणी घेऊन पळाली, तिचा पाय बादलीला लागला, बादली लवंडली.

"डोळं फुटलं का तुझं?" सर्जेराव कळवळून ओरडले. "भरली बादली दिसंना व्हय?"

आणि घोडं जागच्या जागी उभं राहिलं. डबी गप्प. आकडा बहात्तर.

त्या आठवड्यात हे पाच-सहा वेळा झालं. गप्प बसले की हृदय उधळायचं, ओरडले की शिस्तीत चालायचं. नंदूनं शेवटी डबीतला आलेख मोबाईलवर घेतला, थोडा वेळ बघितला आणि आईला विचारलं, "आई, तू बटण नेमकं कधी दाबत होतीस?"

"ते वरडत असताना."

"का गं?"

"सगळं बेस चाललं हुतं म्हणून."

मिरजेला डॉक्टर मुजावर ह्यांनी ते ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या शास्त्रात ह्या घराची सोय केलेली नव्हती.

"म्हणजे यंत्राची समजूत अशी झालीय की ओरडणं ही काकांची शांत अवस्था. गप्प बसणं हा आजार. ते गप्प बसले की यंत्र ब्रेक सोडतं आणि त्यांना परत ओरडण्याकडं ढकलतं."

"मग काढून टाका की सुपारी," नंदू म्हणाली.

"यंत्राचं ढकलणं आत्ता बंद करते, ते पुन्हा नुसतं ऐकेल. पण पुंजक्यांनी धडा पाठ केलाय. ते आता यंत्राशिवायही तेच करत राहतील. त्यांना नवा धडा द्यायचा तर आधी तो सापडायला हवा. काका गप्प आहेत आणि निवांतही आहेत, दोन्ही एकदम, असे काही क्षण मिळाले आणि तेव्हा बटण दाबलं गेलं, की पुढचं मी बघते. एकदाच मिळू दे. पण अस्सल हवं. आणि तोवर," त्यांनी चष्मा परत घातला, "तोवर काकांना ओरडू द्या. गप्प राहणं धोक्याचं आहे."

सर्जेराव घरी आले ते पाटीलकी मिळाल्यासारखे. डॉक्टरनं लिहून दिलेलं ओरडणं. पण त्या सुखाला आठवड्यातच कीड लागली. त्याचं असं झालं, की एके सकाळी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी ताट सरकवलं आणि असा काही आवाज लावला की भिंतीवरची पाल खाली पडली. शालन वाटाणे सोलत होती. तिनं डबीकडं बघितलं.

"सत्तर. छान. अजून जरा वरडा, मग चा टाकते."

सर्जेरावांच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. आणि वाक्य राहिल्याबरोबर हृदय उधळलं, म्हणून परत ओरडावं लागलं. पण आता ते ओरडणं म्हणजे खोकल्याचं औषध घेतल्यासारखं होतं. ज्या आवाजाला स्टँडवरचे कंडक्टर चळचळ कापायचे, त्या आवाजाला घरातली माणसं आकडा लावून मोकळी होत होती. गल्लीतली माणसं कौतुकानं थांबायची. "काका, तब्येत बरी दिसतीया आज. पार कोपऱ्यापातूर ऐकू आलं."

त्यात दुसरी गोम अशी की खोटं ओरडून भागायचं नाही. नसांना फसवता येत नाही. सर्जेरावांनी उगाच आरडाओरडा करून बघितला, घोडं हटेना. राग मनातूनच यावा लागायचा, आणि ज्या घरात कुणी घाबरत नाही त्या घरात मनातून राग आणायचा कुठून?

तेव्हा भूपाल चौगुले धावून आले. ह्या दोघांचं वैर तालुक्यात नावाजलेलं. पण माणूस धर्माचा. "सर्जेराव," भिंतीवरून मान काढून ते म्हणाले, "जेवण झालं की हाक मारत जावा. मी येऊन भांडून जात जाईन. शेजारी हाय शेवटी."

"तुझं उपकार नकोत मला."

"उपकार न्हाईत. मला बी जेवण जिरत न्हाई."

आणि ते खरंच यायचे, दिवसातून तीन वेळा, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. पहिले चार दिवस फांदीवर गेले. मग विषय संपले. मग चौगुले घरून मुद्दे आठवून आणायला लागले, आणि मुद्दे अस्सल लागतात म्हणून खरं खरं सांगायला लागले. दूध सोसायटीच्या निवडणुकीत तुमच्या पॅनेलमध्ये राहून मत पलीकडं टाकलं ते मीच, असं त्यांनी एका दुपारी कबूल केलं. सर्जेरावांची त्या दिवशीची नाडी डॉक्टरांनी नंतर विद्यार्थ्यांना आदर्श नाडी म्हणून दाखवली.

हे असं बेतानं चाललेलं असताना नंदूचं लग्न निघालं.

मुलगा कवठेमहांकाळकडचा, सुजय घोरपडे. पवनचक्क्यांची देखभाल करायचा. बोलायचा कमी, कारण वर चढल्यावर बोलायला कुणी नसायचंच. नंदू त्यांच्या म्हशीला बघायला गेली होती, तेव्हा दोघांनी एकमेकांना बघितलं. म्हैस बरी झाली तरी ती दोन महिने तिला बघायला जात होती. आता राहिला होता थोरांचा कार्यक्रम, सुपारी फोडायचा. आणि सुपारी फुटणार होती सुजयच्या थोरल्या चुलत्यांच्या हातून, दत्ताजीराव घोरपड्यांच्या.

दत्ताजीरावांची ख्याती अशी की आजवरच्या एकाही लग्नात ते शेवटपर्यंत मांडवात बसलेले नव्हते. कुठं तरी मानात उणं पडायचं. मग काही न बोलता उठायचे आणि गाडीत जाऊन बसायचे. रीत अशी की मग मुलीच्या बापानं गाडीपाशी जायचं, हात जोडून उभं राहायचं, आणि ते जे बोलतील ते खाली मान घालून ऐकायचं. त्यांचं समाधान झालं की ते उतरायचे. एकदा म्हणे एका बापाला उभ्या उभ्या ऊन लागलं होतं.

"पप्पा," नंदू सर्जेरावांसमोर स्टूल घेऊन बसली, "त्यांच्याशी भांडलात तर हे लग्न गेलं. आणि गप्प बसलात तर तुम्ही जाताय."

सर्जेरावांनी लेकीकडं बघितलं. जन्मात तिनं कधी काही मागितलं नव्हतं. मागायला वाव मिळाला नव्हता, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"बसतो की गप," ते म्हणाले. नुसत्या विचारानं आकडा शंभराला टेकला.

मग तिघांनी आणि चौगुल्यांनी मिळून डाव आखला. चौगुल्यांनी मागच्या गोठ्यात दबा धरून बसायचं. सर्जेरावांना जरा धडधडलं की "चहाचं बघतो" म्हणून त्यांनी उठायचं, गोठ्यात जाऊन तोंडावर टॉवेल धरून यथेच्छ भांडायचं, आणि हसतमुखानं परत यायचं.

घोरपडे आले. सुजय, त्याचे आईवडील आणि काठी टेकत दत्ताजीराव. गाडी नव्या पद्धतीची, ड्रायव्हर नसलेली. सर्जेरावांनी या बसा केलं आणि मान खाली घालून बसले. दत्ताजीराव म्हणाले घर लहान आहे, सर्जेराव हसले. दत्ताजीराव म्हणाले रस्ता खराब आहे, सर्जेराव हसले आणि चहाचं बघायला गेले. गोठ्यातून रेड्याला मुसकी बांधल्यासारखा आवाज आला. ते परतले तेव्हा चेहरा कसा फुलला होता.

"पाव्हणं लई हौशी," सुजयची आई शालनला म्हणाली. "चा सुद्धा स्वतः बगत्यात."

"लई," शालन म्हणाली.

तिसऱ्या चहाला घात झाला. चौगुल्यांकडं तोपर्यंत एकच मुद्दा शिल्लक होता, आणि तो त्यांनी अगदीच गरज पडली तर म्हणून राखून ठेवला होता.

"सर्जेराव, खरं सांगू? स्टँडावर तुमचं वरडणं कुणी ऐकत न्हवतं. समदी पब्लिक पाटी वाचून गाडीत बसत हुती."

सर्जेरावांच्या कानशिलाची शीर उडाली. "आन् तुझ्या शेवग्याच्या शेंगंत गर नसतोय, भूपाल. नुसती लाकडं. अख्खं गाव तोंडावर गोड बोलतंय आन् उकिरड्यावर टाकतंय."

चौगुल्यांचा चेहरा उतरला. आईबाप काढले होते, जमीन काढली होती, तेव्हा हा माणूस हसत होता. पण शेंगा त्यांनी दर वर्षी घरोघर स्वतः नेऊन दिल्या होत्या. त्यांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "हे बोलायला नको हुतं." आणि भिंत ओलांडून घरी निघून गेले.

सर्जेराव आत आले ते मनात पाटी घेऊनच. खरंच पाटी वाचत होते का लोक? त्याच तंद्रीत त्यांनी आहेराचं ताट घेतलं. टॉवेल, टोपी, नारळ. आणि पहिली टोपी घातली ती सुजयच्या वडिलांना.

खोली गार झाली. थोरला शेजारी बसलेला असताना धाकट्याच्या डोक्यावर पहिली टोपी. सुजयच्या वडिलांनी ती तापल्या तव्यासारखी पटकन काढली, पण व्हायचं ते झालं होतं.

"असू दे, असू दे," दत्ताजीराव काठी टेकत उठले. "लहान घर हाय. चालायचंच." आणि जाऊन गाडीत बसले.

उघड्या काचेतून गाडीचा मंजूळ आवाज आत ऐकू आला. "नमस्कार. कुठं जायचं आहे?"

"कुठं न्हाई. मी रुसलोय."

"क्षमा करा. हे ठिकाण नकाशात सापडलं नाही."

कुणी हसलं नाही. सगळे सर्जेरावांकडं बघत होते. नंदू आतल्या दारात उभी होती. सर्जेराव उठले. गोठ्यात आता कुणी नव्हतं. ते सरळ पुढच्या दारानं बाहेर गेले, गाडीपाशी उभे राहिले, हात जोडले आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हेही ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते.

"चुकणारच," दत्ताजीराव समोर बघत म्हणाले. "आमच्यात थोरला कोण, धाकटा कोण, ते पाळण्यात शिकिवत्यात. तुमच्यात काय शिकिवत्यात कुणाला ठावं. एसटीतली माणसं तुम्ही. लायनीत पैला येईल त्याला सीट."

सर्जेरावांच्या जिभेवर उत्तर आलं. असं उत्तर, की ते सोडलं असतं तर गाडीची काच तडकली असती आणि हृदय क्षणात ठिकाणावर आलं असतं. त्यांनी ते गिळलं. छातीतलं घोडं उधळलं. शालन दारात डबी मुठीत धरून उभी होती आणि डबी ओरडू नये म्हणून तिच्यावर पदर दाबत होती. दत्ताजीराव नारळाच्या आकारावर आले, मग टॉवेलच्या पोतावर. सर्जेरावांच्या कानांत सगळा स्टँड घुमायला लागला. एक वाक्य, फक्त एक वाक्य ओरडलं की सुटका होती. त्यांनी जोडलेले हात आणखी घट्ट दाबले आणि ओठ मिटून घेतले. पडायचंच असेल तर गप्प पडू, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"काका, खाली उतरा."

हा आवाज कुणाचा ते पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. सुजयचे वडील गल्लीत बघायला लागले. घरातली आवाजाची जागा आधीच भरलेली असल्यामुळं नंदूनं आपला आजवर कधी काढलाच नव्हता. तो कोरा करकरीत होता.

"म्हैस अडून बसली तर मी समजू शकते, तिला सांगता येत नाही. तुम्हाला चांगलं सांगता येतंय, मघापासून ऐकतेय मी. टोपी मागं-पुढं झाली, चुकलं. चुकलं म्हणून सांगितलं. आता त्या माणसाकडं बघा जरा. घामानं शर्ट भिजलाय त्यांचा. माझा बाप माझ्यासाठी गप्प उभा आहे. गप्प उभं राहायला त्यांना काय पडतं ते तुम्हाला ठाऊक नाही, काका. तुम्ही गाडीत बसून आलाय, ते तिथंवर जिवावर उदार होऊन आलेत. उतरा. आणि उतरायचं नसेल तर लग्न राहू दे, पण माझ्या बापाला ह्यापुढं एक शब्द बोलायचा नाही."

सुरुवात खालच्या पट्टीत, मग नेमक्या जागी श्वास, मग शेवटचा शब्द असा फेकलेला, की पार शेवटच्या फलाटावर उभ्या माणसानंही पिशवी उचलावी. सर्जेराव ऐकत राहिले. त्यांच्या डोक्यात उत्तर होतं, पण आता त्याची गरज नव्हती. भांडण चाललं होतं आणि ते त्यांच्याकडं नव्हतं. ड्यूटी संपल्यावर बाकावर बसावं, खिडकीत दुसरा कंट्रोलर आलेला असावा, त्याला सगळ्या गाड्या तोंडपाठ असाव्यात, आणि आपल्याला आता कुठलीच गाडी सोडायची नसावी, तसं त्यांना झालं. जोडलेले हात आपोआप सुटले.

दारात शालननं पदर बाजूला केला. डबी केव्हाची ओरडायची थांबली होती. तिनं आकडा बघितला, मग नवऱ्याकडं बघितलं. नवरा गप्प होता. सगळ्या संसाराची सवय तिला सांगत होती, हात लावू नको, काही तरी भयंकर घडलंय. आकडा सांगत होता, एकाहत्तर. तिनं डोळे मिटले आणि हिरवं बटण दाबलं. दाबलं ते दाबूनच धरलं.

गाडीचं दार उघडलं. दत्ताजीराव आधी काठी टेकून, मग स्वतः, असे सावकाश उतरले. त्यांचं वय झालं होतं, आणि मान राखायच्या नादात आजवर कुणी त्यांच्याशी सरळ बोललेलं नव्हतं. ते नंदूकडून पुतण्याकडं वळले.

"सुजय," ते म्हणाले, "ऐकलंस न्हवं? ही तुला झेपणार हाय का?"

सुजय कमी बोलायचा, पण विचार करून बोलायचा. "माझं सोडा काका," तो म्हणाला. "तुम्हाला गाडीतनं खाली उतरवणारं घरात कुणी तरी पाहिजेच होतं."

त्याची आई पदर तोंडाला लावून आत पळाली. दत्ताजीरावांच्या मिशा थरथरल्या, रागानं की कशानं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते आत गेले, पहिल्या जागेवर बसले, पाटावरची सुपारी घेतली आणि अडकित्त्यात धरली. मग रीतीप्रमाणं त्यांनी विचारलं.

"मुलीचं वडील, तुमचं काय म्हणणं हाय?"

सगळी खोली सर्जेरावांच्या तोंडाकडं बघायला लागली. भिंतीपलीकडून चौगुल्यांची मानही वर आली, कारण रागावलेले असले तरी हे उत्तर त्यांना चुकवायचं नव्हतं.

"माझं काय म्हणणं न्हाई," सर्जेराव म्हणाले.

सुपारी फुटली. शालननं डबीकडं बघितलं, पण असल्या उत्तरानंतर नुसत्या डबीवर विसंबायची तिची तयारी नव्हती. ती चारचौघांत नवऱ्याशेजारी जाऊन बसली आणि त्याचं मनगट धरून स्वतः नाडी मोजायला लागली. मोजून झाली तरी तिनं हात सोडला नाही, आणि सर्जेरावांनी त्यावरही काही म्हटलं नाही.